इंग्रजी गोष्टी वाचून शब्दसंग्रह वाढवायचा, पण नेमका कसा? (आठवी-नववी, मराठी माध्यम)

खाडीकाठ | १२ जून, रात्री ९:१०

गुहागर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात शनिवार-रविवार दीड-दीड तासाचा इंग्रजी वाचनाचा वर्ग सुरू होतोय. मुलं चौदा, आठवी-नववीची. काही सेमी, काही पूर्ण मराठी माध्यमाची. इंग्रजी पहिलीपासून आहे (राज्यात २००० सालापासून सगळ्यांनाच आहे), त्यामुळे अक्षरं लावून वाचता येतं. अर्थ मात्र लागत नाही. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वरच्या नंबरात असतं म्हणून आपण खूश, पण गाइडबाहेरचा एक परिच्छेद पुढे ठेवला की मुलं गप्प.

पाठ्यपुस्तक शाळा शिकवतेच, इथे फक्त गोष्टी वाचायच्या आहेत. प्रश्न असे: गोष्टी कोणत्या घ्यायच्या? एका गोष्टीतून शब्द किती? अर्थ मराठीत सांगायचा की नाही? आणि आज कळलेला शब्द महिन्याने आठवावा म्हणून काय करायचं? पैसे फार नाहीत, रेंज तर वाचनालयात येतच नाही. आठवणी नकोत, पद्धत हवी आहे.

शब्दवेल्हाळ | १२ जून, रात्री १०:०५

गोष्टीच्या निवडीपासून सुरुवात करू, कारण असे वर्ग बहुतेक वेळा तिथेच फसतात.

न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाऱ्या इतरांनी मोजून ठेवलंय की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा तर शंभरातले सुमारे ९८ शब्द आधीच ओळखीचे लागतात. ९५ असतील तर शिकवणारा शेजारी असताना निभावतं. छापील ओळीत दहा शब्द धरा. ९८ टक्के म्हणजे पाच ओळींत एक अनोळखी शब्द, ९५ म्हणजे दोन ओळींत एक. ९० टक्के ऐकायला भरपूर वाटतात, पण तिथे दर ओळीत एक खड्डा असतो आणि मुलाचं सगळं लक्ष खड्डा चुकवण्यात जातं, गोष्ट राहते बाजूला.

मोठ्यांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी ९८ टक्क्यांनी वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. (हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस मिळून एक कुटुंब.) आपल्या मुलांकडे त्याचा लहानसा भाग असतो. त्यामुळे 'थेट अभिजात वाङ्मय द्या, आपोआप शब्द येतील' हा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या.

चाचणी सोपी आहे. गोष्टीच्या मधल्या भागातले मोजून शंभर शब्द घ्या. सुरुवातीचे घेऊ नका, तिथे वर्णन असतं आणि ते बाकीच्या गोष्टीपेक्षा अवघड असतं. मुलाला पेन्सिल द्या, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. दोनपर्यंत रेघा आल्या तर ते पुस्तक त्याने घरी एकट्याने वाचावं. तीन ते पाच आल्या तर वर्गात तुमच्याबरोबर. त्याहून जास्त आल्या तर एकतर तुम्ही वाचून दाखवा, नाहीतर दुसरी गोष्ट शोधा.

दोन ठिकाणी ही चाचणी खोटं बोलते. पहिलं, मुलं लाजेने रेघा कमी मारतात. म्हणून रेघ नसलेले पाच शब्द निवडून तोंडी अर्थ विचारा. दुसरं, शब्द ओळखीचा असतो पण इथला अर्थ वेगळा असतो. 'बँक' म्हटलं की पैशाची. गोष्टीत नदीची बँक आली की मूल रेघ मारत नाही आणि नदीकाठी कॅशियर बसवून पुढे वाचत राहतं.

चौदा मुलांत पातळी एक नसणारच. घरी वाचायचं पुस्तक प्रत्येकाच्या पातळीचं द्या. वर्गात वाचून दाखवायची गोष्ट मधल्या मुलाला धरून निवडा.

तिरकस | १२ जून, रात्री १०:३१

९८ टक्के शब्द ओळखीचेच असतील तर शिकायचं काय? उरलेले दोन?

शब्दवेल्हाळ | १२ जून, रात्री १०:५०

दीड हजार शब्दांच्या गोष्टीत दोन टक्के म्हणजे तीस अनोळखी जागा. त्यातले काही शब्द पुन्हा पुन्हा येणारे, म्हणजे वीसेक नवे शब्द. दीड तासाला ते पुरून उरतात.

आणि 'ओळखीच्या' शब्दांतही शिकण्यासारखं पुष्कळ असतं. मराठीत आपण सगळं 'बघतो': समुद्राकडे बघतो, टीव्ही बघतो, रस्त्यात कुणी बघितलं ते सांगतो. इंग्रजीत तिथे लुक, वॉच, सी असे वेगळे शब्द लागतात. सांगणे, बोलणे, म्हणणे आणि टेल, स्पीक, से यांचंही तेच. यादी पाठ करून हा फरक बसत नाही. गोष्टीत तो शब्द आपल्या सोबत्यांसह (म्हणजे त्याच्याबरोबर नेहमी येणाऱ्या शब्दांसह) पंचवीस-तीस वेळा भेटला की बसतो. वाचनाची निम्मी कमाई तिथे आहे.

सुरमई_फ्राय | १३ जून, सकाळी ७:२०

सर, तां सगळां खरां. पण गोष्ट पोरांका आवडूक व्हयी. आवडली नाय तर अठ्ठ्याण्णव टक्के काय नि शंभर टक्के काय!

आणि बंदरावरच्या पोरांका कितके इंग्रजी शब्द आधीच ठावक आसत तां बघा. नेट, ट्रॉलर, जेटी, लाँच, इंजिन, डिझेल, वायरलेस, लायसन, आइस. मगे लोक म्हणतत, तेंका इंग्रजी येत नाय.

शब्दवेल्हाळ | १३ जून, सकाळी ८:०२

अगदी. पहिल्याच दिवशी फळ्यावर हे शब्द मुलांकडूनच काढून घ्या, दहा मिनिटांत साठ-सत्तर सहज निघतील. मग त्यांचं स्पेलिंग दाखवा. कानाला माहीत असलेला शब्द डोळ्याला ओळखता येत नाही, ही मराठी माध्यमाची मोठी अडचण आहे. 'आयलंड' ऐकलेला असतो, पण छापलेला दिसला की मूल 'इसलँड' वाचतं आणि नवीन शब्द समजून रेघ मारतं. 'नॉलेज'मधला के, 'लिसन'मधला टी, तीच गत. अशा मुलाला अर्थ सांगायची गरज नसते, एकदा उच्चार करून दाखवला की काम होतं.

मात्र मराठीत आलेले शब्द अर्थ बदलून आलेत. 'करंट' म्हणजे वायरला हात लागून बसतो तो. समुद्राच्या गोष्टीत करंट होडीला ओढून नेतो. 'नेट' म्हणजे मोबाइलचा. (बंदरावर दोन्ही चालतात, म्हणून तिथली मुलं इथे फसत नाहीत.) 'पोर्ट' चार्जरचा. 'हॉटेल'मध्ये आपण मिसळ खाऊन घरी येतो, इंग्रजी गोष्टीतला माणूस तिथे रात्री झोपतो. 'गॅलरी' तर विचारूच नका.

ग्रंथपाल_राजापूर | १३ जून, दुपारी १:१५

पुस्तकं कुठून मिळवायची यावर लिहितो.

पातळीबद्ध वाचनमाला, म्हणजे ग्रेडेड रीडर्स, यासाठीच लिहिलेल्या असतात. ऑक्सफर्ड बुकवर्म्सच्या पायऱ्या अशा: स्टार्टर २५० शब्द, मग ४००, ७००, १०००, १४००, १८०० आणि सहाव्या पायरीला २५००. हे पुस्तकातले एकूण शब्द नव्हेत, पुस्तक जेवढ्या मूळ शब्दांत लिहिलंय त्यांची संख्या. आठवीची बहुतेक मुलं ४०० किंवा ७००च्या पायरीवर बसतील असं धरून दोन्ही मागवा आणि वर सांगितलेली चाचणी लावा. एकाच पुस्तकाच्या चौदा प्रती घेण्यापेक्षा चौदा वेगळी पुस्तकं घेतलीत तर फिरवता येतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही मिळतात. फक्त कुणी पानापानावर मराठी अर्थ लिहून ठेवलेली प्रत घेऊ नका.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ फुकट आहे. चार पातळ्या, चित्रं, मुक्त परवाना. त्यामुळे छापून झेरॉक्स काढायला कसलीच आडकाठी नाही. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते हा मोठा फायदा. रेंज नसेल तर गुहागर-चिपळूणला गेल्यावर पीडीएफ उतरवून घ्या. आठवीला पहिली-दुसरी पातळी देऊ नका. शब्द सोपे असतात, पण गोष्ट बाळबोध वाटते आणि मुलं मान टाकतात.

तिसरा मार्ग हक्कमुक्त साहित्य. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर मजकूर मिळतो, लिब्रिव्हॉक्सवर त्याच गोष्टींचं वाचन ऐकायला मिळतं. तेही उतरवून ठेवता येतं. पण जुनं म्हणजे सोपं नव्हे. ओ. हेन्रीची भेटवस्तूंची प्रसिद्ध कथा लहान आहे, कथानक मुलांना कळेल असं आहे, म्हणून सगळे तीच सुचवतात. पहिल्याच पानावर 'पार्सिमनी' आणि 'मेंडिकन्सी' बसलेत. ती मूळ रूपात नववीला देऊ नये, सोपं रूपांतर घ्यावं.

जाता जाता: रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. गावातल्या ग्रंथालयांनी अशा मोठ्या ग्रंथालयांशी बोलून इंग्रजी बालविभागातल्या पुस्तकांची पेटी तीन महिन्यांसाठी मिळते का हे जरूर विचारावं.

मोहोर | १३ जून, रात्री ९:४०

वरचं सगळं धरून एक गोष्ट पूर्ण उलगडून दाखवते, म्हणजे 'किती शब्द' या प्रश्नाचं उत्तर मिळेल. ऑस्कर वाइल्डची 'द सेल्फिश जायंट', १८८८ची. सुमारे सोळाशे शब्द, हक्कमुक्त. राक्षसाची बाग, तिथे खेळणारी मुलं, राक्षस भिंत बांधतो, बागेत वसंत येतच नाही. वाक्यं लहान आणि बरेच शब्द परत येतात, म्हणून वाचून दाखवायला चांगली. हिचे दोन भाग करा: राक्षसाच्या बागेत थंडी मुक्काम ठोकते तिथवर शनिवारी, उरलेली रविवारी.

अनोळखी शब्द काढायला बसलात तर चाळीसच्या घरात जातील. त्यांच्या तीन राशी करा.

पहिली रास, सांगून सोडून द्यायचे. लिनेट म्हणजे एक गाणारा लहान पक्षी, झालं. क्लोक, कॅसल, हेल (गारा), फ्रॉस्ट (दव गोठून पांढरं पडतं ते). वाचता वाचता मराठीत एक शब्द टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही.

दुसरी रास, ओळखता आले तरी पुरे. 'ट्रेसपासर' त्यातला. राक्षस पाटी लावतो त्यावर आहे. आपल्याकडे समुद्रकाठच्या कुंपण घातलेल्या प्लॉटवर 'परवानगीशिवाय प्रवेश बंद' असतं तीच पाटी. हा शब्द मुलाने वापरायची गरज नाही.

तिसरी रास, खरे शिकवायचे. सहा. सातवा घेऊ नका. निवडीची कसोटी अशी: त्यावाचून गोष्ट अडते का, दुसऱ्या पुस्तकात तो पुन्हा भेटेल का, आणि मुलांना येणाऱ्या शब्दांत तो समजावता येतो का. इथे माझे सहा: सेल्फिश, अलाऊ, वाँडर, क्रीप, रीच, मेल्ट.

अलाऊ: राक्षस म्हणतो, माझ्याशिवाय कुणालाही इथे खेळू देणार नाही. मुलांना अर्थ चटकन कळतो, रचना येत नाही. 'अलाऊ मी प्लेइंग', 'अलाऊ फॉर प्ले' असं काहीही येतं. अलाऊ, मग माणूस, मग टू आणि क्रियापद, हा सांगाडा फळ्यावर एकदाच लिहा आणि प्रत्येकाकडून एक खरं वाक्य घ्या: घरी कोण कशाला परवानगी देतं, कोण देत नाही. चौदा वाक्यं झाली की सांगाडा बसला.

रीच: मराठीत 'मी रीच झालो' इतका रुळलाय की मुलांना फक्त पोहोचणे माहीत. गोष्टीत लहान मुलाचा हात फांदीपर्यंत पुरत नाही. भिंतीवर उंच खडूची खूण करा, हात पुरतो का बघा, तोंडाने वाक्य म्हणायला लावा.

क्रीप (हळूच, आवाज न करता जाणे): पुस्तकात 'क्रेप्ट' आहे. दोन्ही एकच हे मुलांना कळत नाही. अनियमित क्रियापद उजळणीच्या कार्डावर लिहिताना दोन्ही रूपं लिहायचीच.

मेल्ट: आधी आइस्क्रीम, मेण, लोणी. मग राक्षसाचं हृदय. हा क्रम उलटला तर मुलं 'मेल्ट म्हणजे दया येणे' असं पाठ करतात आणि पुढे विज्ञानाच्या पुस्तकात मेण मेल्ट झालं की गोंधळतात.

वाँडर: दोनदा येतो. पहिल्यांदा मुलं शाळा सुटल्यावर भिंतीभोवती भटकतात, नंतर लहान मुलगा झाडाभोवती. दुसऱ्या वेळी तुम्ही अर्थ सांगू नका, मुलांना सांगू द्या.

शब्दांपलीकडचे दोन अडसर आहेत आणि ते वाचायला सुरुवात करण्याआधीच दूर करायला हवेत. एक हवामानाचा. आपल्याकडे आंब्याला मोहोर येतो तो थंडीने. थंडी पडली नाही तर बागायतदार चिंतेत. गोष्टीत नेमकं उलट आहे: थंडी हटत नाही म्हणून झाडं फुलत नाहीत. 'ब्लॉसम'चा अर्थ मोहोर सांगितलात की कोकणातलं मूल बर्फ आला म्हणजे आता मोहोर येणार असा तर्क करतं, आणि तो त्याच्या परीने बरोबरच असतो. म्हणून आधी दोन मिनिटं युरोपातले चार ऋतू. 'स्प्रिंग' म्हणजे पेनातली स्प्रिंग नव्हे हेही तिथेच. दुसरा अडसर शेवटाचा. त्या मुलाच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, त्याचा संबंध येशूच्या क्रुसाशी आहे. एका वाक्यात सांगितलं नाही तर शेवट हवेत राहतो. तिथेच 'हॅथ', 'दी' अशी जुनी रूपंही येतात. 'हॅज' आणि 'यू' एवढं सांगून पुढे चला.

दीड तासाची वाटणी: जुने शब्द १० मिनिटं, अडसर दूर करणं ७, तुम्ही वाचून दाखवणं २५, जोडीने पुन्हा वाचन २०, सहा शब्दांवर काम २०, गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं ८. शनिवारी तीन शब्द, रविवारी तीन. वेळ कमी पडला तर कात्री चालवण्याच्या यादीत जोडीचं वाचन शेवटी ठेवा.

तिरकस | १३ जून, रात्री १०:१५

ताई, छान. पण मग संदर्भावरून अर्थ ओळखायला मुलं शिकणार कधी? सगळं तुम्हीच सांगितलंत तर?

मोहोर | १३ जून, रात्री १०:३४

संदर्भ नेहमी मदत करत नाही, कधी कधी फसवतोसुद्धा. काही वाक्यं अर्थाकडे बोट दाखवतात, काही अर्धवट दाखवतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही चक्क उलट दिशेला पाठवतात. 'ती रिलक्टंटली (म्हणजे नाइलाजाने) हसली' यावरून मूल 'आनंदाने' म्हणणार, कारण हसलीय ना. दिशा दाखवणारं वाक्य असेल तिथेच ओळखायला लावा, आणि मुलाचा अंदाज आल्याबरोबर खरं-खोटं तपासा. चुकीचा अंदाज मनात तसाच राहिला तर काढताना दुप्पट वेळ जातो. वर लिहिलेला दुसऱ्या वेळचा 'वाँडर' हे ओळखायला लावण्याचं योग्य ठिकाण आहे.

ओळखायचा क्रम: हा शब्द वाक्यात काय काम करतोय (नाव, क्रिया, गुण)? शेजारच्या वाक्यात 'पण', 'म्हणून' दाखवणारं काही आहे का? शब्दाच्या आत ओळखीचा तुकडा आहे का? मग अंदाज, आणि तो अर्थ त्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचणं. पहिल्या दोन महिन्यांत एका तासाला एकच शब्द असा सोडवा.

दापोलीकर | १४ जून, सकाळी ६:५५

मराठी वापरावी का यावर. जरूर वापरावी, पण जागा ठरवून. मराठीत एका शब्दात नेमका अर्थ असेल तर तो सांगून मोकळं व्हा. 'एन्व्ही' समजावायला तीन इंग्रजी वाक्यं कशाला खर्च करायची? मत्सर म्हणा. आणि जिथे मराठीत एकच शब्द आहे आणि इंग्रजीत चार (वर लुक-वॉच-सीचं आलंच आहे), तिथे मराठी अर्थ देऊन उपयोग नाही, वाक्यं दाखवावी लागतात.

पुस्तकातल्या ओळीवर देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय मात्र मोडा. मुलाचा डोळा देवनागरीवर जातो आणि इंग्रजी शब्दाचं रूप त्याला कधीच दिसत नाही. लिहायचाच तर वहीत, पेन्सिलने, आणि आठवड्याने खोडायचा.

आणखी एक. गोष्ट आधीपासून माहीत असेल तर अनोळखी शब्दांचं ओझं निम्म्याने कमी होतं. पंचतंत्र, बिरबल आहेतच. पण आपल्या भागासाठी 'श्यामची आई'हून चांगलं काय? साने गुरुजी पालगडचे, पुस्तक १९३५चं, इंग्रजी अनुवाद मिळतात. एकेक रात्र स्वतंत्र वाचता येते. विहीर, देऊळ, पोहायला शिकणं हे सगळं मुलाच्या डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे लक्ष शब्दाकडे राहतं. आधी मराठीतून प्रकरण वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी इंग्रजीतून. अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो, म्हणून झेरॉक्सचा गठ्ठा नको, प्रत विकत घ्या.

खाडीकाठ | १४ जून, सकाळी ९:३०

हे फारच उपयोगी आहे. आता टिकवण्याबद्दल सांगा. वहीत शब्द आणि अर्थ लिहून घ्यायचे, पाठ करून आणायला सांगायचं, यात काय चुकतं?

शब्दवेल्हाळ | १४ जून, सकाळी १०:४५

वहीत क्रम पाठ होतो. मुलाला 'वाँडर'नंतर 'क्रीप' येतो हे माहीत असतं, क्रम बदलून विचारलं की अडतं. शिवाय वहीत येणारा आणि न येणारा शब्द यांना सारखाच वेळ मिळतो.

त्यापेक्षा शब्दपेटी करा. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडलेली. बुटाचं खोकं घ्या, पुठ्ठ्याचे पाच कप्पे. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही परत पहिल्यात. तुमच्या वर्गाच्या वेळापत्रकाला बसवायचं तर पहिला कप्पा दर तासाला, दुसरा आठवड्यातून एकदा, तिसरा पंधरवड्याने, चौथा महिन्याने. पाचव्यात पोचलेली कार्डं तीन महिन्यांनी एकदा पाहायची. पेटी प्रत्येक दोन मुलांत एक, म्हणजे एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं.

कार्डाच्या पुढच्या बाजूला गोष्टीतलं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. मागे शब्द, त्या वाक्यापुरता मराठी अर्थ आणि शब्दाचा एक नेहमीचा सोबती. पुढे नुसता शब्द आणि मागे नुसता अर्थ असं कार्ड करू नका. तेवढंच केलंत तर शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही.

एक धोका: विरुद्धार्थी किंवा सारख्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी शिकवू नका. बरो आणि लेंड जोडीने शिकवले की कोणता उसना देण्याचा आणि कोणता घेण्याचा हे पुढे वर्षभर उलटसुलट होतं. आधी एक पक्का, तीन-चार आठवड्यांनी दुसरा. शाळेच्या पुस्तकात 'समानार्थी-विरुद्धार्थी' तक्ते असतात ते परीक्षेला ठीक.

आणि हिशेब लक्षात ठेवा. आठवड्याला सहा शब्द, वर्षाचे चाळीस आठवडे, म्हणजे २४०. कार्डांनी एवढंच होणार. बाकीचे शब्द भरपूर सोप्या वाचनातूनच येतात, कारण एकेक शब्द आठ-दहा-बारा वेळा वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. म्हणून घरी रोज दहा पानं, चाचणीत दोनपर्यंत रेघा आलेलं पुस्तक, डिक्शनरी बंद. सलग दोन-तीन पुस्तकं एकाच विषयाची दिलीत तर तेच शब्द लवकर परत येतात. सुरमईभाऊ, इथे तुमची बंदरावरची पोरं बाजी मारतील. समुद्राच्या गोष्टी सलग द्या.

सुरमई_फ्राय | १४ जून, दुपारी १२:०५

दिलय. पण डिक्शनरी बंद कित्याक? मोबाइलात एका बोटात अर्थ मेळता.

शब्दवेल्हाळ | १४ जून, दुपारी १२:४०

एका बोटात पहिलाच अर्थ मिळतो. 'स्वॉलो' टाकलं की 'गिळणे' येतं आणि गोष्टीत ती पाकोळी असते. शिवाय दर ओळीला थांबलं की आधीच्या वाक्याचा धागा तुटतो. घरी वाचताना शब्दाशेजारी पेन्सिलचा टिंब काढायचा आणि प्रकरण संपल्यावर टिंबांपैकी तीनच शब्द बघायचे. बघायचे तेही शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत. लाँगमनच्या अशा डिक्शनरीतले अर्थ साधारण दोन हजार शब्दांतच लिहिलेले असतात, त्यामुळे अर्थाचा अर्थ शोधायची वेळ येत नाही. वाचनालयात एक प्रत ठेवा.

तिरकस | १४ जून, दुपारी ३:२०

आणि शिकले की नाही हे कळणार कसं? 'शब्द येतो का' विचारलं की सगळे हो म्हणतात.

मोहोर | १४ जून, दुपारी ४:१०

'येतो का' विचारायचंच नाही. गोष्टीआधी दहा शब्दांचा कागद द्या, सहा शिकवायचे आणि चार न शिकवलेले मिसळून. प्रत्येकासमोर चार रकाने: कधी पाहिला नाही / पाहिलाय पण अर्थ माहीत नाही / अर्थ माहीत आहे (लिही) / वाक्यात वापरता येतो (वाक्य लिही). शेवटच्या दोन रकान्यांत पुरावा मागितल्यामुळे नुसतं 'हो' चालत नाही. तोच कागद तीन आठवड्यांनी, शब्दांचा क्रम बदलून, आधी न सांगता. त्याच दिवशीची चाचणी फक्त वर्ग कसा झाला ते सांगते.

सहातले चार शब्द दोन रकाने पुढे सरकले असतील तर पद्धत ठीक चालली आहे. दोनच सरकले तर बहुतेक वेळा शब्द जास्त झालेले असतात किंवा पेटी उघडलेली नसते. न शिकवलेल्या चारांतले काही आपोआप सरकले तर समजा घरचं वाचन खरंच होतंय.

ग्रंथपाल_राजापूर | १४ जून, संध्याकाळी ६:३०

पाऊस सुरू झालाय म्हणून कार्डांविषयी. जेल पेनने लिहू नका, दमटपणाने फुटतं. बॉलपेन किंवा पेन्सिल. पातळ कागद जुलैपर्यंत वळतो. लग्नपत्रिकांचे जाड कोरे भाग कापून घ्या, घराघरांत पडलेले असतात. बुटाचं खोकं पावसाळ्यात मऊ पडतं, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा. पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, उघडीप मिळाली की पानं मोकळी करून वाऱ्यावर ठेवा. कसर लागलेलं पुस्तक लगेच वेगळं काढा. झेरॉक्सचे गठ्ठे जमिनीवर ठेवलेत तर वाळवी आधी वाचून घेईल.

खाडीकाठ | १४ जून, रात्री ८:५०

पहिल्या आठवड्याला राक्षसाचीच गोष्ट घेते. ती वाचताना एक दिसलं: राक्षस मुलांवर ओरडतो तिथे 'क्राइड' आहे, आणि पुढे लहान मुलगा खरंच रडतो तिथेही तेच क्रियापद. मुलांना फक्त रडणे माहीत आहे. आधीच दोन्ही अर्थ सांगू की सापडू देऊ?

मोहोर | १४ जून, रात्री ९:२५

आधी दोन्ही सांगू नका, नाहीतर प्रत्येक ठिकाणी 'कोणता अर्थ?' असं विचारत बसतील. राक्षसाच्या वाक्यात तुमच्या आवाजाने सांगा, तिथे 'ग्रफ व्हॉइस' आहेच, म्हणजे घोगरा दरडावणीचा आवाज. तसंच वाचा आणि विचारा, हा रडतोय का? उत्तर त्यांच्याकडूनच येईल. रविवारी लहान मुलापाशी पोचलात की वाक्य वाचून थांबा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. तिथे 'बिटरली' सोबत आहे, तेवढ्यावरून ओळखतात. 'क्राय'चं कार्ड मात्र रविवारीच करा, दोन बाजूंना दोन वाक्यं लिहून. शनिवारी केलंत तर एकच अर्थ पक्का होतो.